गुरुजींचा अन्याय आणि मुलांची कल्पकता

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



पत्रिकेतले हे पान ऊस विकास विभागाचे. दरवेळी या पानावर खोडव्यातले पाचट जाळू नका, वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे गोळा करा, बेणे नऊ ते अकरा महिन्यांचेच वापरा, असा मजकूर असतो आणि तो तसा असायलाच हवा. बॉयलर पेटायला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्या सवडीत संपादकांना विचारून या खेपेस वेगळा विषय घेतला आहे. उसाच्या माणसाने शाळेवर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. पण आपल्या बहुतेक सभासदांच्या घरचे एखादे तरी पोर शाळेत बसते आहे. शिवाय हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्यांची मुलेही आपल्याच गावच्या शाळांत येतात. तेव्हा हा विषय काही परका नव्हे.

सांगायचे ते असे की, मास्तर कडक असला म्हणून पोराचे फारसे बिघडत नाही. आपण सगळेच कडक मास्तरांच्या हाताखालून गेलो आहोत आणि त्यांच्याविषयी आजही आदराने बोलतो. सगळ्यांना सारखी छडी असली तर पोर ती विसरून जाते. (छडी असावी असे माझे म्हणणे नाही, आता ती कायद्यानेही चालत नाही.) पण मास्तराने अन्याय केला, म्हणजे एकाचे घेऊन दुसऱ्याला दिले, किंवा पोराने स्वतःच्या डोक्याने केलेल्या गोष्टीलाच गुन्हा ठरवले, तर ते पोर विसरत नाही. ते मोठ्याने तक्रारही करीत नाही. गप्प होते आणि पुन्हा स्वतःचे डोके चालवायच्या भानगडीत पडत नाही.

मी मूळचा उमेळ्याचा. वसई तालुक्यातले, नायगाव स्टेशनापासून जवळचे हे गाव. हा सारा भाग आता वसई-विरार महानगरपालिकेचा झाला आहे आणि जिल्हाही २०१४ पासून ठाणे जाऊन पालघर झाला. इकडच्या मंडळींना वसई म्हटले की किल्ला आणि चिमाजी अप्पा आठवतात. पण आम्हा वाडीवाल्यांची वसई म्हणजे केळीची, पानवेलीची आणि फुलांची. एके काळी तिथे उसाचीही बागायत होती, १८८२ सालच्या ठाणे गॅझेटियरात तिचा उल्लेख आहे. या वाड्या जगल्या त्या बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीत माणसांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरायचे आणि पुढे त्यावर वाडी शिंपायची. समुद्र आणि खाडी जवळ असल्यामुळे विहिरीला खारे पाणी लागण्याची धास्ती असते. बावखलाचे गोडे पाणी जमिनीत मुरत राहिले की ते खारे पाणी थोपून धरले जाते. इकडे आपण पाझर तलावासाठी एवढी खटपट करतो, ते काम तिकडच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी कधीच करून ठेवले होते.

आम्ही सातवीत होतो, १९९२ च्या सुमाराची गोष्ट. शाळेचे आणि शिक्षकांचे नाव इथे सांगायचे कारण नाही. मराठीच्या तासाला निबंध दिला होता, ‘नदीचे आत्मवृत्त’. वर्गातल्या निम्म्या पोरांनी गाईडातला निबंध उतरवून आणला. सह्याद्रीच्या कुशीत माझा जन्म झाला, वगैरे वगैरे. आमच्यात एक मुलगा होता, बाप दुसऱ्यांच्या वाड्या शिंपायला जायचा. त्याने विचार केला की आपल्या गावात नदीच नाही, तर नदीचे काय लिहायचे? त्याने बावखलाचे आत्मवृत्त लिहिले. शाळा सुटल्यावर त्याने ते मला वाचून दाखवले होते आणि त्यातली एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आहे. बावखल म्हणते की उन्हाळ्यात मी इतके आटते की तळाशी बुडालेला तांब्या वर दिसू लागतो, मग तो तांब्या कुणाचा यावरून दोन घरांत भांडण लागते. पावसाळ्यात मी पुन्हा भरते आणि भांडणही बुडते.

मास्तर परगावचे होते. ‘बावखल’ हा शब्द त्यांनी तांबड्या शाईने जिथे जिथे आला तिथे तिथे खोडला आणि वर ‘तळे’ लिहिले. मग त्याला उभे करून विचारले, “हे कुठून उतरवलेस?” तो म्हणाला, “मीच लिहिलं, सर.” मास्तर म्हणाले, “तू? तुझ्या घरात कोण शिकलंय का?” वर्ग हसला. निबंधाला शून्य मिळाले आणि तो तास त्याने बाकावर उभे राहून काढला. गाईडातून उतरवणाऱ्यांना सात-सात, आठ-आठ मार्क पडले.

त्यानंतर त्या मुलाला निबंधात कधी शून्य मिळाले नाही. सहा मिळायचे, कधी सात. त्याने थोरल्या भावाचे जुने गाईड मिळवले आणि पाठ करायला लागला. दहावी झाला, आज स्वतःचा टेम्पो आहे, चार माणसे हाताखाली आहेत, काही वाईट चाललेले नाही. तो मोठा साहित्यिक झाला असता असा दावा मी करीत नाही. सातवीतल्या एका निबंधावरून तसे काही ठरत नसते. पण आमच्या वर्गात बावखलाकडे बघून काही सुचणारा तो एकच होता. त्यानंतर वसईत कितीतरी बावखले भरावाखाली गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. उरलेली वाचवा म्हणून आता तिकडे लोक निवेदने देतात, माहिती गोळा करतात, म्हाताऱ्यांना विचारत फिरतात. ज्याला ती आतून माहीत होती, त्याची वही तेव्हाच तांबडी करून टाकली.

बारकाईने पाहिले तर मास्तरांनी त्या दिवशी मार्क काढून घेतले, एवढेच झाले नाही. खरे लिहिणाऱ्याला चोर ठरवले आणि उतरवणाऱ्याला शाबासकी दिली, तीही चाळीस पोरांच्या देखत. त्या चाळीसांनीही आपापला धडा घेतलाच. स्वतःचे काही केले तर धोका आहे आणि ठरलेले गिरवले तर सात मार्क आहेत, हे बारा वर्षांच्या पोराला समजायला एक तास पुरतो. शिवाय मुलाचा शब्दही मास्तरांनी काढून घेतला होता. घरात, वाडीत, आईच्या तोंडी जो शब्द रोज आहे तो शाळेत चुकीचा ठरला की पोर घरचे घरी आणि शाळेचे शाळेत अशी वाटणी करून टाकते. मग शाळेत ते बोलते खरे, पण उसने घेतलेले बोलते.

आता शिक्षकांची बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर हा लेखच अन्यायाचा होईल. खेड्यातल्या कित्येक प्राथमिक शाळांत दोन शिक्षक आणि चार वर्ग असतात. त्यात निवडणुकीचे काम, जनगणना, नाना तऱ्हेचे तक्ते भरणे. चाळीस वह्या रात्री घरी नेऊन तपासणाऱ्या माणसाला प्रत्येक पोराच्या डोक्यात शिरून बघायला सवड कुठून मिळणार? हे सगळे मान्य. पण कामाच्या ओझ्याने फार तर वही तपासायची राहून जाते. “तुझ्या घरात कोण शिकलंय का” हा प्रश्न ओझ्यातून येत नाही. तो पोराकडे बघायच्या आधीच त्याच्याविषयी मत ठरवलेले असते त्यातून येतो.

ही तक्रार काही आजची नव्हे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले त्यात शिक्षक कसे असावेत यावर स्पष्ट मत दिले आहे. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, जे त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. जोतिरावांना नांगर चालवणारा मास्तर हवा होता तो शेती शिकवण्यासाठी नव्हे. ज्याने नांगर धरला आहे, तो नांगरधाऱ्याच्या पोराला हसणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आणि बाबासाहेब आंबेडकरांची शाळा आठवा. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे-आणावे लागे. शिपाई असला तरच पाणी मिळे, नसला तर तहानलेले राहायचे. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचे होते, ते घेऊ दिले नाही, म्हणून फारशी घ्यावी लागली. ही गोष्ट एखाद्या मास्तराच्या लहरीची नव्हती, साऱ्या समाजानेच शाळेत नेऊन बसवलेल्या अन्यायाची होती, त्यामुळे आमच्या बाकावर उभ्या राहिलेल्या मित्राशी तिची बरोबरी मी करीत नाही. पण एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. बाबासाहेबांनी संस्कृत पुढे स्वतःच्या कष्टाने आत्मसात केले. लोक हे उदाहरण देऊन म्हणतात, बघा, ज्याच्यात दम असतो तो वर येतोच. मला हे म्हणणे पटत नाही. बाबासाहेबांसारखा लाखात एक माणूस अन्यायाला पुरून उरला, यावरून बाकीच्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवांचे काय झाले ते कळत नाही. त्यांच्या वह्या कुणी जपून ठेवलेल्या नाहीत. आणि बाबासाहेबांनाही कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले होते, हे विसरू नये. केळुसकर हे शिक्षकच. बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी त्याला पुस्तके दिली, १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. एक शिक्षक नाव खोडतो आणि एक शिक्षक नाव पुढे करतो, यात केवढा फरक पडतो ते यावरून समजावे.

आमच्या पालघर जिल्ह्यात या बाबतीत फार मोठे काम होऊन गेले आहे आणि इकडच्या पुष्कळांना ते माहीत नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या. अनुताईंचे लग्न लहानपणीच झाले आणि वर्षाच्या आत वैधव्य आले, शिक्षण त्यांनी झगडून पुरे केले होते. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला सगळे वारली पाडे. मुले शाळेत येत नाहीत, अशी तेव्हाची ओरड. मुले का येत नाहीत ते या बायांनी पाड्यावर जाऊन बघितले. पोरे गुरे राखायला जातात, मग शाळेत येणार कशी? तेव्हा त्यांनी शाळाच गुरांच्या मागे नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. शिकवायचे साहित्यही मुंबईहून आणायच्या ऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे असे भोवतालचे वापरले. म्हणजे पोराच्या हातात जे आधीच आहे त्याला चूक न ठरवता तिथून सुरुवात केली. कृषी पदविकेच्या दिवसांत मी कोसबाडला गेलो होतो, त्या वेळी या टेकडीचे मोल मला तितकेसे उमगले नव्हते. पुढे विस्ताराच्या कामात शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन आधी तो काय करतो ते बघायचे आणि मग आपले सांगायचे, हे शिकलो, तेव्हा कळले की ताराबाई-अनुताई तेच करीत होत्या.

त्याच डहाणू तालुक्यात, गंजाडला, जिव्या सोमा म्हसे होऊन गेले. लहानपणी आई गेल्यावर या पोराचे बोलणेच थांबले. तो मातीत रेघा काढून आपले म्हणणे सांगायचा. पुढे वारली चित्रकलेला त्यांनी जगभर नेले आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. मातीत रेघोट्या काढणाऱ्या पोराला एखाद्या वर्गात काय ऐकावे लागले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. आणि मास्तरच कशाला, आपण घरी काय म्हणतो? “रेघोट्या मारून पोट भरणार का?” हे वाक्य मी कार्यक्षेत्रातल्या चांगल्या चांगल्या घरांत ऐकले आहे.

शेतीचेच उदाहरण पाहिजे असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांचे घ्या. शाळा तिसरीपर्यंतची. १९८३ साली स्वतःच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ आला, जो आज देशभर विकला जातो. घड्याळाच्या नावावरून हे नाव पडले. पुढे कृषी विद्यापीठाकडून पीकेव्ही एचएमटी नावाचा वाण प्रसारित झाला. मूळ निवड दादाजींची, पण त्यांचे नाव लोकांपुढे यायला कितीतरी वर्षे गेली. २०१८ साली ते वारले. म्हणजे वर्गात जे घडते तेच पुढे मोठ्या माणसांच्या बाबतीतही घडते. वेगळी लोंबी दिसायला नजर लागते आणि ती दिसली तर बाजूला काढून ठेवायला धीर लागतो. हा धीर बालपणीच कुणी मोडला असेल तर पन्नासाव्या वर्षी कोणत्या ऊस मेळाव्यात आम्ही तो देणार?

आता आपल्या कार्यक्षेत्राकडे येतो, कारण हा लेख लिहायला खरे निमित्त तेच झाले. गेल्या हंगामात एका गटात टोळीच्या तळावर गेलो होतो. खोपटापुढे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पाचटाच्या बैलगाडीशी खेळत होती. चाके उसाच्या कांडीच्या चकत्यांची, साटा आणि जू पाचट वळून केलेले. गाडीत मागे भर जास्त झाली की ती उलाळ होते, म्हणून तिने पुढच्या अंगाला एक खडा बांधला होता. हे तिला कुणी शिकवलेले नव्हते. बाप गाडी भरताना तिने पाहिले होते. मी विचारले, शाळेत दाखवलीस का? म्हणाली, दाखवली, प्रदर्शनात ठेवली होती, पण नाव लावले नव्हते. का, तर ती हंगामी. बक्षीस विकतच्या सामानाच्या कुठल्याशा मॉडेलला मिळाले, ते बहुधा एखाद्याच्या वडिलांनीच केलेले असावे. मग आता आणखी एखादी कर की, असे मी म्हटले, तर म्हणाली, “कशाला? नाव तर घेत नाहीत.”

हे ऐकून मला आपल्याच विषयातली एक गोष्ट आठवली. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड रसाळ उसाचा संकर काशाच्या रानटी गवताशी केला आणि त्यातून १९१८ साली को २०५ शेतकऱ्यांच्या हाती आला. ज्या गवताला आपण ओढ्याकाठचे तण म्हणतो, त्याचा काटकपणा आज आपल्या को ८६०३२ मध्येसुद्धा आहे. उसाचा वाण नापास करायच्या आधी आम्ही तो लागणीत बघतो, खोडव्यात बघतो, चार ठिकाणच्या जमिनीत बघतो. टोळीच्या पोराला मात्र पाच महिन्यांत, मागच्या बाकावर बसवून, बिनहजेरीचे ठरवतो.

यावर सभासदांना काय करता येईल? मास्तरांवर धावून जाणे हा उपाय नव्हे, त्याने पोराचीच जास्त अडचण होते. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांच्या हाती अधिकार दिलेला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात आणि त्यात निम्म्या जागा बायांच्या असतात. याच कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हीला बंदी आहे. आपल्या कितीतरी सभासदांची नावे या समित्यांवर आहेत, पण बैठकीत बोलणे होते ते पत्र्याच्या गळतीचे आणि कुंपणाचे. तिथे मुलांच्या वह्या मागवून बघाव्यात. सगळ्या वर्गाचा निबंध एकसारखा आला असेल तर नम्रपणे विचारावे की गुरुजी, हे सगळे एका गाईडातले कसे? प्रदर्शनात, स्नेहसंमेलनात टोळीच्या मुलांची नावे लागतात की नाही ते जातीने पाहावे. चांगले काम करणारा शिक्षक असेल, आणि असे शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत, तर समितीच्या ठरावात त्याचे नाव घालावे. त्यालाही कुणी नाव घेतलेले बरे वाटते.

मुकादम मंडळींनाही एक विनंती आहे. येताना मुलांची शाळेची कागदपत्रे, शिक्षण हमी कार्ड असेल तर तेही, बरोबर आणायला कुटुंबांना सांगावे. कार्ड असले की इकडच्या शाळेत प्रवेशाला अडचण येत नाही आणि पोराचे नाव हजेरीपटावर नीट येते.

पत्रिकेत येत्या हंगामात दर अंकाला अर्धे पान मुलांच्या चित्रांना आणि लिखाणाला द्यायचे संपादकांनी मान्य केले आहे. सभासदांची, कामगारांची आणि टोळीची मुले, सगळ्यांनी पाठवावे. विषय ठरवून दिलेला नाही. घरी बोलतात तसे लिहिले तरी चालेल, शब्द खोडले जाणार नाहीत. कागद आणि रंगखडू गट ऑफिसात मिळतील. टोळीच्या मुलांनी आपले काम तळावर येणाऱ्या चिटबॉयकडे दिले तरी ते माझ्यापर्यंत पोहोचेल. कागदाच्या मागे टोळी नंबर आणि गाव लिहावे, पुढच्या बाजूला मुलाचे नाव स्वच्छ अक्षरात असावे. लिहिता येत नसेल तर चिटबॉयने विचारून लिहावे, मात्र मुलगा किंवा मुलगी सांगेल तेच लिहावे.